खानदेशची कुरणं आणि मेंढीचं पोट

मल्हारराव होळकरांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. वडील वारल्यावर आईने लहानग्या मल्हारीला घेऊन माहेर गाठलं. खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे मुलगा वाढू लागला आणि घरच्या मेंढ्या राखू लागला. एके दुपारी तो रानात झोपला असताना नागाने फणा उभारून त्याच्या तोंडावर सावली धरली. पुढे हाच मुलगा माळव्याचा सुभेदार झाला. नागाचं खरंखोटं आपण सोडून देऊ. मला मात्र ही गोष्ट ऐकली की त्या मेंढ्यांचीच काळजी वाटते. राखणारा झोपलेला, मग मेंढ्या कुठे होत्या? आणि काय खात होत्या?

प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आज ते नंदुरबार जिल्ह्यात येतं. १ जुलै १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं आणि त्याआधी पश्चिम खानदेशात. अठराव्या शतकाच्या आरंभी तिथे मेंढपाळ पोराला निवांत झोप लागू शकत होती, कारण मेंढ्या गेल्या तरी कुणाच्या पिकात जाण्याची फारशी भीती नव्हती. आजच्या खानदेशात मेंढ्यांमागे असलेल्या पोराला अशी डुलकी परवडत नाही. एका बाजूला केळीचा बाग, दुसऱ्या बाजूला कपाशी, समोर वनखात्याचा चर आणि मागे तारेचं कुंपण. गेल्या दोनशे वर्षांत खानदेशची कुठली जमीन कधी आणि कुणासाठी बंद झाली, याचा इतिहास कागदपत्रांत आहेच. तो मेंढीच्या अंगावरही वाचता येतो.

हे वाचायचं कसं, ते बाजारात बघावं. मेंढी घेणारा जाणता माणूस तिच्या तोंडाकडे आधी बघत नाही. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, तो लोकरीत बोटं खुपसून मणका चाचपतो. मणक्याची टोकं बोटाला टोचली तर मेंढी उपाशी. टोकं गोल लागली आणि दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असलं तर मेंढी धडधाकट. पशुवैद्यकशास्त्रातही हीच पद्धत आहे. तिथे एक ते पाच असे गुण देतात एवढंच. लोकर दिसायला गुबगुबीत असते आणि डोळ्यांना फसवते, बोटांना फसवत नाही. ही चरबी काही कालच्या खाण्याची नसते. मागचे दोन-तीन महिने ती कुठे चरली, याचा तो हिशेब असतो.

आता खाण्याचं साधं गणित बघू. आपली दख्खनी मेंढी साधारण तीस किलोची धरली, तर तिला दिवसाला एक किलोच्या आसपास कोरडा चारा पोटात जायला हवा. कोवळ्या हिरव्या गवतात पाचातले चार भाग पाणीच असतं. म्हणजे तेवढ्यासाठी पाच किलो हिरवं गवत हवं. मृग पडल्यावर पहिले पंधरा दिवस रान हिरवंगार दिसतं आणि मेंढी दिवसभर तोंड हलवत असते, तरी ती वाळतच जाते. पोट पाण्याने भरतं. उलट उन्हाळ्यातल्या वाळक्या गवतात पाणी नसतं, पण प्रथिनंही नसतात. मेंढीच्या कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. गवताचा काडीकचरा कुजवून त्याचं अन्न करायचं काम त्यांचं. चाऱ्यात शंभरात सात भागांच्या आसपास प्रथिनं असली तर हे कारखानदार नीट काम करतात. त्याखाली गेलं की काम मंदावतं, चारा पोटात नुसता पडून राहतो आणि पोट भरलेलं असल्यामुळे मेंढी आणखी खात नाही. चैत्र-वैशाखात वाळलेल्या गवतात हे प्रमाण तीन-चारवर येतं. पुढ्यात गवत आणि तरी उपासमार, अशी ही अवस्था असते.

या काळात मेंढीला तारतात ती झाडं. बाभळीच्या शेंगा, हिवराच्या शेंगा, बोरीचा पाला आणि खानदेशात विशेषकरून अंजन. पावसाला पाठ दिलेल्या उघड्या टेकड्यांवर हे झाड उभं असतं आणि गवत संपल्यावर त्याचा पाला जनावरांच्या उपयोगी पडतो. अंजन नावाचं एक गवतही आहे आणि तेही उत्तम चाऱ्याचं, त्यामुळे कागदोपत्री पुष्कळदा घोटाळा होतो. मेंढीचा मात्र कधी झालेला नाही.

गवतांच्याही जाती आहेत आणि त्यांत श्रेष्ठकनिष्ठ आहे. तापीपासून दक्षिणेकडे पसरलेल्या आपल्या माळांवर निसर्गाने दिलेली खरी संपत्ती म्हणजे पवन्या, मारवेल आणि डोंगरी ही गवतं. ती बहुवर्षायू आहेत, मुळं खोल जातात, पाला भरपूर. देशभरच्या गवताळ रानांची मोठी पाहणी करून दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघा शास्त्रज्ञांनी १९७३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी भारताच्या गवताचे पाच मोठे प्रकार पाडले. आपला सगळा दख्खन, खानदेशासकट, पवन्या-मारवेलच्या प्रकारात येतो. जास्त चराई झाली की या रानाची उतरण कशी होते, तेही त्यांनी मांडलं. आधी पवन्या आणि मारवेल हटतात, त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळीलाही उसंत मिळाली नाही तर बारीक, काटक, एकवर्षायू गवतं येतात आणि शेवटी उघडा मुरूम उरतो.

कुसळी वाईटच असं नाही. कोवळी असताना जनावर ती खातं. फुलोरा आला की तिच्या टोकदार कुसांचं भाल्यासारखं हत्यार होतं. कुसळं लोकरीत घुसतात, कातडीत रुततात, जबड्यात आणि डोळ्यांत जातात. तोंड दुखणारी मेंढी खात नाही आणि गवताने भरलेल्या माळावर खंगते. माळ हिरवा दिसणं आणि माळ चाऱ्याचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शहरातून आलेल्या माणसाला समजावून सांगताना मला नेहमी कुसळीचं उदाहरण पुरतं.

आणखी एक गवत खानदेशच्या डोंगरांत विपुल होतं. रोशा, म्हणजे तिखाडी. त्याच्या उग्र वासामुळे जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. माणसाने मात्र त्यातून पैसा काढला. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार या बाजूला रोशाचं तेल गाळण्याच्या भट्ट्या चालत. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे जाई, पुढे इस्तंबूलला पोहोचे आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरलं जाई. आपल्या डोंगरातलं, मेंढीनेही नाकारलेलं गवत तुर्कस्तानात गुलाब म्हणून विकलं जात होतं! असो. आपल्याला मेंढीबरोबर चालायचं आहे.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याच्या ताब्यात आलेला मुलूख उजाड होता. होळकर-शिंद्यांच्या लढाया, १८०३-०४चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांची लूट यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. शेतांत झुडपं वाढली होती, वाघांचा सुळसुळाट होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काळ वाईटच. पण जनावरं हाकणाऱ्याला जागेची वाण नव्हती. सातपुड्यालगत ठिल्लारी किंवा तापी खिल्लार म्हणून ओळखली जाणारी चपळ बैलांची जात नावारूपाला आली, ती अशा मोकळ्या रानांच्या जिवावर. धुळे जिल्ह्यात साक्री आणि शिंदखेडा भागात आज मेंढ्या पाळणारे ठेलारी आहेत. त्यांचं नाव आणि ठिल्लारी हे नाव कानाला जवळचं वाटतं. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, म्हणून इथे थांबतो.

सरकारला अर्थातच उजाड रान नको होतं, सारा हवा होता. १८५२ साली खानदेशात जमीनमोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत हजारो लोक विरोधाला उभे राहिले. सरकारने तो विरोध मोडून काढला आणि मोजणी पुढे गेली. प्रत्येक तुकड्याला नंबर आणि आकार बसला. गावाच्या गुरांसाठी गायरानं राखली गेली हे खरं, पण बाकीची मोकळी जमीन कागदावर ‘पडीक’ झाली. पडीक या शब्दाची मला फार गंमत वाटते. पवन्या-मारवेलने भरलेला माळ आणि उघडा खडक, दोघांनाही एकच शब्द. ज्यावर नांगर नाही ते पडीक. तिथे वर्षाला अमुक हजार मेंढ्या पोसल्या जातात, हे लिहायला रकानाच नव्हता.

मग १८६०चं दशक आलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्याच सुमारास रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेने पुढे सरकत होती. खानदेशच्या काळ्या जमिनीला एवढं आमंत्रण पुरेसं होतं. तापीकाठची, गिरणा आणि बोरीच्या खोऱ्यातली पडीक रानं झपाट्याने नांगराखाली गेली. युद्ध १८६५ला संपलं, भाव कोसळले. नांगरलेली जमीन मात्र पुन्हा गवताला परत मिळाली नाही. मेंढपाळाच्या हाती राहिली ती उतरणीची, मुरमाड जमीन आणि डोंगर.

डोंगरही फार काळ राहिले नाहीत. १८७८चा जंगल कायदा आला. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा हद्दी पडल्या. चराईला परवाना, फी आणि परवान्याबाहेर गेलेल्या जनावराला कोंडवाडा. शेळी-मेंढीकडे तर जंगलखात्याने पहिल्यापासून संशयाने पाहिलं. याचा सामान्य माणसाच्या जगण्यावर काय परिणाम झाला, ते महात्मा फुल्यांनी ताबडतोब ओळखलं होतं. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगर आणि गायरानं जंगलखात्याच्या ताब्यात गेल्याने शेळ्यामेंढ्यांना कुठे थाराच उरला नाही, अशी कडक तक्रार केली आहे. पुढे १९३०च्या सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला कायदा मोडला तो मीठ उचलून नव्हे, राखीव जंगलातलं गवत कापून. मीठ समुद्रकाठी होतं, गवत सगळीकडे होतं आणि त्यावरचा राग पन्नास वर्षं साठलेला होता.

या काळातल्या दुष्काळांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ खानदेशावर आदळले. दुसऱ्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण विक्रम संवत १९५६ होतं. दुष्काळ जाहीर झाला की राखीव जंगलं चराईला मोकळी करायची, असं सरकारचं धोरण होतं. कागदावर हे दयेचं वाटतं. पण जंगल मोकळं व्हायचं कधी? पाऊस हुकला हे पक्कं झाल्यावर, गवत वाळून गेल्यावर. म्हणजे ज्या चाऱ्यात तीन-चार टक्के प्रथिनं उरली आहेत तो खुला. आणि ज्या भाद्रपदात गवतात सत्त्व असतं, तेव्हा कुंपण. शिवाय सगळ्या मुलखाची जनावरं एकदम आत घुसली की आहे ते गवत मुळासकट जाणार. उपाशी जनावर निवड करत नाही. दुष्काळ सरल्यावर अधिकारी पुन्हा त्या उजाड उतारांकडे बोट दाखवून म्हणणार, बघा चराईने काय केलं.

त्यांचं म्हणणं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. मेंढीचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो, त्यामुळे ती गवत अगदी जमिनीलगत खुरडते. गाय जिथे वरचा पाला घेऊन पुढे जाते, तिथे मेंढी बुडखा खाते. मारवेलला एकदा खाल्ल्यावर पुन्हा फुटायला तीन-चार आठवड्यांची उसंत लागते. तेवढ्यात तोच कळप पुन्हा आला, तर मुळांतला साठा संपतो आणि दोन-तीन वर्षांत ठोंब मरतो. हे निर्विवाद आहे. पण यात दोष मेंढीच्या दातांचा किती आणि ती पुन्हा तिथेच का आली याचा किती? जुन्या पद्धतीत कळप एका रानात चार दिवस थांबून पुढे जायचा, त्या रानाची पाळी पुन्हा पुढच्या वर्षी. वाटेतले चार मुक्काम बंद झाले की राहिलेल्या दोन मुक्कामांवर सहांचा भार पडतो. मेंढ्यांची संख्या तीच राहिली तरी माळ उतरणीला लागतो. माझ्या मते खानदेशच्या कुरणांची ही गोष्ट आहे. आणि उलटही खरं आहे. पूर्णपणे बंद ठेवलेलं गवताचं रान वर्षानुवर्षं खाल्लंच गेलं नाही, तर गवत जून होतं, जुन्या काडीखाली नवी फूट दबते आणि हळूहळू झुडपं जागा घेतात. खाणं आणि सोडणं, दोन्ही लागतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारची नजर बदलली. कुरणापेक्षा मेंढीकडे अधिक वळली. मेंढी सुधारायची, असं ठरलं. मेरिनो, रॅम्बुलेट अशा परदेशी जातींचे नर आणून दख्खनी मेंढीशी संकर करण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी; वर्षाला अर्धा-पाऊण किलो, घोंगडीपुरती. ती मऊ आणि जास्त व्हावी हा हेतू. पण मऊ लोकरीच्या मोठ्या मेंढीला चाराही मोठा लागतो. जिला दिवसभर आठ-दहा मैल चालून माळावर पोट भरायचं आहे, तिच्या अंगावर दुसऱ्या देशाच्या कुरणाचा कोट घालून काय उपयोग? मेंढपाळांनी हे संकर फारसे स्वीकारले नाहीत. ते जुन्या विचारांचे होते म्हणून असं घडलं, असं तेव्हा म्हटलं गेलं. मला वाटतं, त्यांना आपल्या रानातल्या गवताचं मोजमाप ठाऊक होतं. १९७८ साली मेंढ्या-शेळ्यांसाठी राज्याचं महामंडळ स्थापन झालं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालतं. चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला त्याचं प्रक्षेत्र आहे. होळकरांच्या सुनेचं नाव मेंढ्यांच्या महामंडळाला आणि त्याची एक शाखा खानदेशात, हा योग मला आवडतो.

आता मेंढीच्या वर्षाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. पावसाच्या सुरुवातीला नवा चारा अंगी लागला की मेंढ्या माजावर येतात, आषाढ-श्रावणात फळतात आणि मार्गशीर्षाच्या आसपास कोकरं होतात. गर्भाची वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त होते. जन्माच्या वेळच्या वजनातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग तेव्हा भरतो. जुन्या खानदेशात हे सगळं शेतीच्या वेळापत्रकाला नेमकं जुळलेलं होतं. फळायच्या वेळी डोंगरमाथ्यावर कोवळी मारवेल. गाभण मेंढी भरात आली की खाली ज्वारी-बाजरीची कापणी झालेली. धाटं, सांडलेलं कणीस, बांधावरचं तण, भुईमुगाचा पाला. वीत खळ्याच्या दिवसांत. शेतकऱ्याने मेंढ्या शेतात बसवायच्या, रात्री वाघर लावून कळप कोंडायचा, सकाळी लेंडीमुताने जमीन खतावलेली आणि मेंढपाळाच्या पदरात धान्य. रात्री पडलेली लेंडी म्हणजे दिवसा डोंगरावर खाल्लेलं गवत. म्हणजे डोंगराचं सत्त्व शेतात उतरवायचं काम मेंढी करत होती, आणि तेही चालत येऊन.

आज या वेळापत्रकाची दोन्ही टोकं तुटली आहेत. आपली समजूत अशी की मेंढपाळाचे हाल उन्हाळ्यात होतात. होतातच. पण सर्वांत अवघड काळ आता पावसाळा झाला आहे. जून ते सप्टेंबर सगळ्या शेतांत पीक उभं असतं, गायरानं अतिक्रमणाने किंवा योजनांनी आक्रसलेली, वनखात्याच्या जमिनीत रोपवन लावलेलं. म्हणजे गवतात वर्षातलं सर्वांत जास्त सत्त्व असतं त्याच वेळी मेंढीला उभं राहायला जागा नसते. ती रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या बाजूला चरते. फळण्याच्या काळात ती रोड, म्हणून कमी मेंढ्या गाभ धरतात, कोकरं हलकी होतात. उन्हाळाभर उपाशी राहिलेला कळप एकदम कोवळ्या चाऱ्यावर पडला तर आंत्रविषाराने धट्टीकट्टी कोकरं एका रात्रीत दगावतात. त्याची लस पावसाळ्याआधी टोचावी लागते, ती वेळही भटकंतीत चुकते.

साक्री तालुक्यातल्या एका वृद्ध मेंढपाळाला मी एकदा ऑगस्टमध्ये विचारलं, “आबा, यंदा गवत एवढं चांगलं आहे, मग मेंढ्या अशा का?” ते म्हणाले, “गवत चांगलंच आहे भाऊ. पण ते कुणाचं आहे ते सांगा.”

सरकारलाही हे उशिरा का होईना, उमगलेलं दिसतं. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत आधी मेंढ्या आणि नर वाटपावर भर होता. २०१९ साली भटक्या मेंढपाळांसाठी चराई अनुदान मंजूर झालं आणि ते ठरवलं गेलं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी. ज्या चार महिन्यांत निसर्ग फुकट जेवण वाढतो, त्याच महिन्यांसाठी मेंढीला भत्ता! यापेक्षा बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही.

दुसरं टोक कापणीनंतरचं. ज्वारी-बाजरीच्या जागी कपाशी आणि मका आले, रावेर-यावलला केळी बारमाही उभी. ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या शेतात कुणी मेंढ्या बसवू देत नाही. कपाशी उपटल्यावर पाला आणि कच्ची बोंडं चरायला मिळतात, पण फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय कळप घालणं धोक्याचं. साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आल्या, शिवाजीनगरला २०१३ साली मोठा सौरप्रकल्प उभा राहिला. पवनचक्कीखाली मेंढी चरू शकते, सौर पट्ट्यांच्या कुंपणात नाही. वीज आपल्या सगळ्यांनाच हवी आहे. कागदावर मात्र ती जमीन पुन्हा एकदा मोकळी, म्हणजे कुणाचीच नसलेली, ठरली.

याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. १९९०च्या दशकात या आदिवासी पाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः ठरवली, दंड लावले आणि उजाड झालेलं जंगल परत आणलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. मला बारीपाड्याबद्दल मनापासून आदर आहे. गावाने आपलं जंगल स्वतः राखणं आणि खात्याने हद्द आखणं यांत मोठा फरक आहे. तरी मेंढीच्या बाजूने बोलायचं तर प्रश्न उरतोच. एका गावाने चराईबंदी केली की गाव आपल्या गुरांची सोय दुसरीकडे करतं. वाटसरू कळपाला मात्र त्या गावच्या सभेत खुर्ची नसते. तो फक्त पुढच्या गावावर ढकलला जातो, आणि त्या पुढच्या गावाचा माळ उतरणीला लागतो.

कायद्यातही हे जुनंच आहे. महाराष्ट्राच्या १९६६च्या जमीन महसूल संहितेतलं कलम २३ सांगतं की गायरानात चरण्याचा हक्क त्या गावाच्या गुरांपुरताच. १८५२च्या मोजणीवाल्यांनी ज्याला रकाना ठेवला नव्हता, तो अजूनही रकान्याबाहेरच आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा वेगळी भाषा वापरली. भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क त्यात स्पष्ट नमूद आहे. अट मात्र अशी, की अनुसूचित जमातीत नसणाऱ्यांनी १३ डिसेंबर २००५ आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा, जंगलाशी संबंध दाखवायचा. ठेलारी काय, इतर धनगर काय, अनुसूचित जमातीत नाहीत. शिवाय मुक्काम हलवत जगणाऱ्याने एका जागचा पुरावा आणायचा कुठून? वाघर गुंडाळली की रात्रीच्या मुक्कामाची खूण म्हणजे लेंडी, आणि तीही पहिल्या पावसात जमिनीत मिसळते.

त्या कायद्याच्या २००८च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. पशुपालक आणि भटक्यांच्या दाव्यांची तपासणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असताना व्हावी, असं बाराव्या नियमात म्हटलं आहे. साक्री-शिंदखेड्याचे कळप दिवाळीनंतर बाहेर पडतात, तापीच्या काठाने किंवा नवापूरकडून गुजरातच्या दिशेने सरकत राहतात आणि मृगाच्या सुमारास परततात. वाटेवरच्या गावांत ते हिवाळ्यात असतात. ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्यांतली २६ जानेवारीची सभा बरोबर त्यांच्या वाटेत येते. तेव्हा कोकरं महिन्या-दीड महिन्याची असतात आणि मेंढ्या कुणाच्या तरी कापलेल्या शेतात बसलेल्या असतात.